टीबीनंतर चिकटलेली छाती: चीर कुठून घ्यायची?

वैनगंगाकाठ

पुस्तकातल्या थोरॅकॉटॉमीच्या (छाती उघडायच्या चिरेच्या) चित्रात छाती नेहमी मोकळी असते. फुफ्फुस सुटं, दोन बरगड्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा. आपल्या भागात वाट्याला येते ती टीबीनंतर आक्रसलेली छाती, आणि तिथे चित्रातली चीर तशीच्या तशी उतरवली की फसगत होते. म्हणून हा धागा.

चर्चेपुरता एक नमुना पेशंट घेऊ, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. बाई, वय ३६, शेतमजूर, वजन ३८ किलो. डावीकडे टीबीचा एम्पायमा (फुफ्फुसाभोवती पू), साडेतीन महिने झाले. नळी टाकून पू काढला, पण फुफ्फुस काही उघडलं नाही. सीटीत साल (पू सुकून फुफ्फुसावर नि छातीच्या भिंतीवर बसलेला थर) जाड, खालच्या बरगड्या एकमेकींवर कौलासारख्या चढलेल्या, डायफ्रॅम (छाती-पोटामधला पडदा) वर ओढलेला. खोकलं की बाटलीत बुडबुडे येतात. टीबीची औषधं सुरू आहेत. सिकलसेलची सोल्युबिलिटी (प्राथमिक रक्ततपासणी) पॉझिटिव्ह.

साल सोलून फुफ्फुस उघडायचंय. चीर कुठून, कितवी बरगडी, कोणता स्नायू कापायचा नि कोणता राखायचा? कारणासकट लिहा.

खुलाछेद

पोस्टरोलॅटरल (कुशीवर घेऊन मागून बाजूला येणारी चीर), सहाव्या बरगडीच्या गादीतून, म्हणजे बरगडी काढून तिच्या जागेतून. आता कारणं.

चीर ठरते ती काम कुठे आहे यावरून. फुफ्फुसाचा लोब काढायचा तर काम हायलमशी (फुफ्फुसाच्या देठाशी) असतं, म्हणून पाचवी फट (पाचव्या-सहाव्या बरगडीमधली). वरचा लोब टीबीने आक्रसला असेल तर हायलमही वर खेचलं जातं, तेव्हा चौथी बरी. एम्पायमात हायलमशी आपलं काहीच नसतं. साल सर्वांत जाड असते मागे-खाली, कॉस्टोफ्रेनिक कोपऱ्यात (बरगड्या नि डायफ्रॅम मिळतात तिथे) आणि डायफ्रॅमवर. पाचव्या फटीतून तो कोपरा विहिरीत वाकून पाहिल्यासारखा दिसतो. सहावी किंवा सातवी घ्या. इथे डायफ्रॅम वर आहे म्हणून सहावी.

मोजणीबद्दल. हात पुढे-वर घेतला की स्कॅपुलाही (खांद्याचं पातं) पुढे-वर सरकते. उभ्या माणसात तिचं खालचं टोक सातव्या बरगडीजवळ असतं, टेबलावर कुशीवर घेतल्यावर नसतं. त्यामुळे टोकावरून बरगडी ठरवू नका. स्कॅपुलाखाली तळहात सरकवून वरपर्यंत जा आणि वरून मोजत या. बोटाला लागणारी सर्वांत वरची बरगडी बहुतेक वेळा दुसरी असते, पहिली तिच्या आत लपलेली असते. आक्रसलेल्या छातीत दोन बरगड्या एकच वाटतात, म्हणून दोनदा मोजा, एकदा सहायकाकडून.

इथे दोन बरगड्यांमधून घुसायचा प्रयत्न करूच नका. फटच नाहीये. सहावी बरगडी पेरिऑस्टियमच्या (हाडावरच्या पातळ आवरणाच्या) आतून काढायची. बरगडीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मधोमध कॉटरीने रेघ मारा, पेरिऑस्टियम सोडवा. वरच्या कडेला रास्पेटरी (हाड खरवडायचं हत्यार) मागून पुढे, खालच्या कडेला पुढून मागे. स्नायूंचे धागे ज्या तिरक्या दिशेने बरगडीला चिकटलेत तिकडून गेलं तर हत्यार हाडाला धरून राहतं, उलटं गेलं तर स्नायूत शिरतं नि रक्त येतं. मग डॉयनने (बरगडीला वळसा घालणाऱ्या आकड्याने) मागची बाजू मोकळी करून बरगडी कापायची.

त्यानंतरची चूक सगळ्यांत महाग पडते: गादी उघडली की लगेच स्प्रेडर (बरगड्या फाकवायचं हत्यार) लावणं. थांबा. पॅरायटल (छातीच्या भिंतीकडची) साल न फोडता बोटाने आणि पीनटने (हत्यारात पकडलेल्या गॉजच्या बारीक गोळीने) तिच्या बाहेरच्या थरातून चहूकडे ५-६ सेंमी छाती सोडवा, मगच स्प्रेडर. तोही एकेक आटा, मध्ये मिनिटभर थांबत. घाई केली की मागे, मणक्याजवळ बरगडी मोडते आणि तिचं टोक नेमकं इंटरकोस्टल नसेवर (बरगडीखालून जाणाऱ्या मज्जातंतूवर) टेकतं.

साल सोडवताना शिखराकडे आणि मेडियास्टायनमकडे (दोन फुफ्फुसांमधल्या भागाकडे) हात आखडता घ्या. वर सबक्लेव्हियनच्या वाहिन्या, आत डावीकडे एओर्टा (मुख्य धमनी) नि फ्रेनिक नस (डायफ्रॅम हलवणारा मज्जातंतू). तिथे थोडी साल राहिली तरी फुफ्फुस उघडतं.

दुर्बीणवाला

खुलाछेद सर, या पेशंटपुरतं मान्य. पण धागा वाचून कोणी दर एम्पायमाला बरगडी काढायला लागू नये म्हणून लिहितो.

पू घट्ट झाला, जाळी झाली, कप्पे पडले, पण साल अजून कडक नाही, असे पहिले तीन-चार आठवडे दुर्बिणीचे असतात. त्या वेळी व्हॅट्सने (छातीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने) कप्पे फोडून, धुऊन, दोन नळ्या ठेवल्या की बहुतेकदा काम होतं. साडेतीन महिन्यांनी खुली चीर लागते त्याला मूळ कारण म्हणजे मधले तीन महिने. पू गाळत नळी ठेवून वाट पाहणं हा उपचार नव्हे.

कधी सोडायची दुर्बीण? सीटीत बरगड्या चढलेल्या, साल कॅल्शियम धरलेली, फट बोटाहून अरुंद, यातलं काही दिसलं तर सुरुवातच खुली करा. शंका असेल तर पहिल्या पोर्टमधून (दुर्बिणीच्या छिद्रातून) बोट घाला. बोट चहूकडे फिरलं तर कॅमेरा, नाही फिरलं तर चीर.

दोन सूचना. एक, पोर्ट असे घ्या की पुढे मोठी चीर लागली तर ते तिच्याच रेषेत जातील. दोन, कॅमेऱ्याचा पोर्ट पुस्तकात मिडअ‍ॅक्झिलरी रेषेवर (काखेच्या मधून सरळ खाली) सातव्या-आठव्या फटीत दाखवतात. डायफ्रॅम वर ओढलेल्या छातीत तो थेट पोटात उतरतो. डावीकडे तिथे प्लीहा असते, आणि सिकलच्या भागात प्लीहा मोठी असू शकते. एक-दोन फटी वर या आणि आधी सोनोग्राफीने डायफ्रॅम पाहा.

पऱ्हाटी

ग्रामीण रुग्णालयात एम्‌ओ आहे, शस्त्रक्रिया करत नाही, तरी विचारतो. अँटेरोलॅटरल (पुढून बाजूला जाणारी चीर) काहून नको? पेशंट उताणा राहतो, कुशीवर फिरवायची भानगड नाही.

खुलाछेद

प्रश्न चांगला आहे. अँटेरोलॅटरल म्हणजे पेशंट उताणा, त्या बाजूखाली उशी देऊन साधारण ३० अंश उचललेला, चीर स्तनाखालच्या वळीतून चौथ्या किंवा पाचव्या फटीत. बैलाने शिंग मारलं, चाकू लागला, रक्तदाब हाताला लागत नाही, अशा वेळी हीच. दोन मिनिटांत आत जाता येतं, पोटही त्याच स्थितीत उघडता येतं, आणि गरज पडली तर स्टर्नम (छातीचं मधलं हाड) आडवा कापून पलीकडची छाती उघडता येते. तसा कापला तर दोन्हीकडच्या इंटर्नल मॅमरी धमन्या बांधायला विसरू नका. दाब शून्याजवळ असताना त्या गप्प असतात, दाब आला की उसळतात. एकाच बाजूची चीर असली तरी स्टर्नमच्या कडेपासून बोटभर अलीकडे थांबा, ती धमनी तिथेच आहे.

पण या चिरेतून छातीचा मागचा-खालचा भाग दिसतच नाही, आणि आपलं सगळं काम तिथेच आहे.

मधला स्टर्नम उभा कापायची चीरही लोक सुचवतात, दुखतं कमी म्हणून. दोन्ही फुफ्फुसांतल्या गाठी किंवा थायमस (स्टर्नममागची ग्रंथी) काढायला ती उत्तम. चिकटलेल्या छातीला नाही. डावा खालचा लोब हृदयाच्या मागे असतो, हृदय ढकललं की दाब पडतो, आणि मागच्या चिकटण्या हाताने अंदाजाने सोडवाव्या लागतात.

आणि जाता जाता: श्वासनळीचा दुभागा आणि डाव्या ब्राँकसचा (श्वासनळीच्या फाट्याचा) सुरुवातीचा भाग यांच्यासाठी उजवी छाती उघडतात, डावी नाही. डावीकडे वर एओर्टाची कमान आडवी येते.

भूल_वर्धा

सर्जन मंडळी चीर ठरवून मोकळी झाली. कुशीवर पेशंट टिकतो की नाही हे कोण ठरवणार?

बाटलीत बुडबुडे म्हणजे ब्राँकोप्लूरल फिस्तुला (श्वासनलिकेतून पुवाच्या पोकळीत उघडणारं भोक) आहे असंच धरून चालायचं. आजारी बाजू वर करून कुशीवर घेतलं की पू फिस्तुलातून चांगल्या फुफ्फुसात उतरतो. म्हणून क्रम असा.

नळी उघडीच ठेवायची, चिमटा लावायचा नाही. चिमटा लावून दाबाने श्वास दिला की हवा छातीत कोंडते आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्स (कोंडलेल्या हवेने फुफ्फुस नि हृदय दबणं) होतो. डोकं वर करून भूल द्यायची, मास्कने जोराने फुगवायचं नाही. डबल ल्यूमेन (दोन पोकळ्यांची श्वासाची) नळी टाकून दोन फुफ्फुसं वेगळी झाल्याची ब्राँकोस्कोपने (श्वासनळीत पाहायच्या दुर्बिणीने) खात्री करायची, आणि मगच कुशीवर फिरवायचं. फिरवल्यावर पुन्हा पाहायचं, कारण मान हलली की नळी एक-दोन सेंमी सरकते. ३८ किलोच्या बाईला ३५ नंबर जड जाऊ शकते, ३२ हाताशी ठेवा. फिस्तुला परिघाकडचा असेल आणि ब्राँकस कापायचा नसेल तर डावीच नळी चालते.

डबल ल्यूमेन किंवा ब्लॉकर (एका फुफ्फुसाची वाट बंद करणारा फुगा) आणि तो बघायला ब्राँकोस्कोप, हे नसेल तर ही केस तिथे करू नये. नागपूर नाही तर सेवाग्राम-सावंगी गाठावं. आधी नळीवाटे पू शक्य तितका गाळून घेतला तर प्रवासही सुरक्षित होतो.

आता सिकल. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन एस आहे. एएस (वाहक) की एसएस (प्रत्यक्ष आजार) हे एचपीएलसी तपासणीशिवाय कळत नाही, आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. एएस असेल तर नेहमीची काळजी नीट घेतली की बहुतेक निभतं. एसएस असेल तर एका फुफ्फुसावर श्वास चालवणं हेच मुळात धोक्याचं: ऑक्सिजन उतरला, अंग गार पडलं, पाणी कमी पडलं की पेशी विळ्यासारख्या होणार. आधी हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणायचं, त्याच्या फार वर नाही, रक्त घट्ट होतं. एक्स्चेंज (रक्त बदलणं) लागेल का ते रक्तविकारतज्ज्ञाला विचारून. ओटीचा एसी कमी, सलाइन कोमट, अंगावर गरम हवेचं पांघरूण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, छातीत दुखणं आणि एक्सरेत नवीन डाग आला तर नुसता न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकवर भागवू नका, अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलमुळे फुफ्फुसावर येणारं गंभीर संकट) डोक्यात ठेवा.

दुखणं थांबवणं हे या पेशंटमध्ये चैन नाही. न दुखता खोल श्वास घेता आला तरच उघडलेलं फुफ्फुस उघडं राहतं. टी ५-६ ला (छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी) एपिड्युरल, किंवा सर्जननेच छाती बंद करण्याआधी पॅराव्हर्टिब्रल (मणक्याच्या बाजूला) कॅथेटर ठेवून बधिरतेचं औषध, ०.१२५ टक्के ब्युपिव्हॅकेन ताशी ४-५ मिली. मात्र पॅरायटल साल मणक्यापर्यंत सोलली असेल तर पॅराव्हर्टिब्रलची जागाच फाटलेली असते, औषध छातीत गळतं. तेव्हा आधीच एपिड्युरल.

वैनगंगाकाठ

आता ज्या मुद्द्यासाठी धागा काढला तिकडे येतो: लॅटिसिमस, म्हणजे पाठीच्या बाजूचा रुंद स्नायू.

पोस्टरोलॅटरल म्हटलं की लॅटिसिमस आडवा कापणं हे सवयीने होतं. मोकळ्या छातीत ते चालून जातं. टीबीच्या छातीत मात्र पहिली चीर घेताना दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो. साल काढूनही फुफ्फुस पूर्ण भरलं नाही, फिस्तुला सुरू राहिला, तर ती पोकळी भरायला हक्काचं मांस लागतं. ते म्हणजे हाच स्नायू. त्याची धमनी, थोरॅकोडॉर्सल, काखेतून वरून खाली येते. स्नायू मधोमध कापला की धमनीच्या बाजूचा वरचा तुकडा जिवंत राहतो, पण आखूड. खालचा भाग फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट फिरवून वापरायचा तुकडा) म्हणून गेला. म्हणजे पहिल्याच दिवशी आपण निम्मी शिदोरी खर्च करतो.

म्हणून आधी स्नायू न कापता बघा. कातडी आणि चरबीचे फ्लॅप वर-खाली हातभर नाही, पण आठ-दहा सेंमी सोडवा, लॅटिसिमसची पुढची कड मोकळी करून तो मागे ओढा, सेराटस (छातीच्या बाजूने स्कॅपुलाकडे जाणारा स्नायू) पुढे. बरगडी काढलेली असल्यामुळे जागा पुष्कळदा पुरते. नाहीच पुरली तर लॅटिसिमस जमेल तितका खाली कापा, म्हणजे वरचा तुकडा लांब राहील. सेराटस शक्यतो कापायचा नाही. मागच्या कडेची फॅशिया (स्नायूवरचं आवरण) उघडून नुसता पुढे उचलायचा. कापावा लागला तर खाली, बरगड्यांना चिकटतो तिथे. वर कापला तर लाँग थोरॅसिक नस जाते आणि स्कॅपुला पंखासारखी बाहेर येते.

याची किंमत: कातडीखाली पाणी साठतं. तिथे १४ नंबरचा सक्शन ड्रेन ठेवा, २४ तासांत ३० मिलीखाली आल्यावर काढा.

ओटी_सिस्टर

सर्वांनी चीर लिहिली, टेबल कोणी लिहिलं नाही.

काखेची गुंडाळी काखेत द्यायची नसते. काखेच्या चार बोटं खाली, छातीच्या पिंजऱ्याखाली द्यायची, म्हणजे खालच्या हाताच्या नसा दबत नाहीत. खालचा गुडघा वाकवलेला, वरचा सरळ, मध्ये उशी. पट्टा खुब्यावरून, पोटावरून नाही. बारीक पेशंटला खालच्या खुब्याला, घोट्याला आणि कानाला पॅडिंग हवंच. वरचा हात ९० अंशांपेक्षा जास्त वर खेचायचा नाही.

टेबल मध्ये मोडून (वाकवून) छाती उघडी करतात. बंद करताना टेबल सरळ करा म्हणून भूलवाल्यांना आठवण द्यावी लागते. टेबल मोडलेलं ठेवून बरगड्या ओढत बसायचं, टाका तुटायचा, आणि दोष धाग्याला.

ट्रॉलीवर: डॉयन डावा आणि उजवा दोन्ही (चुकीच्या बाजूचा दिला तर तो बरगडीच्या मागे सरकतच नाही), बरगडी कापायची कात्री, फिनोचेटो (स्प्रेडर) लहान आणि मोठा, अ‍ॅप्रॉक्सिमेटर, लांब हत्यारं, पीनट. पीनट कायम हत्यारात पकडलेलेच द्यायचे, सुटे नाही. साल सोलताना मॉप रक्ताने भिजून सालीच्याच रंगाचे होतात. मोजणी छाती बंद करायच्या आधी एकदा, कातडीच्या आधी पुन्हा. काढलेली साल दोन डब्यांत: एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा साध्या सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी). सगळं फॉर्मेलिनमध्ये टाकलं की कल्चर गेलं.

खुलाछेद

सिस्टरांच्या शेवटच्या वाक्याला ठळक अक्षरात वाचा.

बंद करण्याबद्दल थोडं. बरगडी काढली असेल तर वरची-खालची बरगडी आवळून जवळ आणू नका, पेरिऑस्टियम आणि इंटरकोस्टल स्नायूंचा थर ताण न देता सलग शिवा. बरगडी न काढता फटीतून गेलो असू तर एक नंबर व्हिक्रिलचे (विरघळणाऱ्या धाग्याचे) चार-पाच टाके, आणि ते खालच्या बरगडीला बाहेरून वेढण्याऐवजी तिच्यात भोक पाडून न्या. वेढा घातला की खालच्या बरगडीखालची नस टाक्यात आवळली जाते. सहा महिन्यांनी "चिरेपासून बेंबीकडं जळजळते" म्हणत येणाऱ्यांची जळजळ तिथून असते.

नळ्या दोन. हवेसाठी २८ नंबरची पुढे-वर, रक्तासाठी ३२ नंबरची मागे-खाली. बाहेर काढताना मिडअ‍ॅक्झिलरीच्या पुढून काढा, नाहीतर पेशंट त्यांच्यावरच झोपतो. मुख्य चिरेतून नळी कधीच नाही. सोललेल्या फुफ्फुसातून पहिले काही दिवस हवा गळतेच, त्याला घाबरून नळीला चिमटा लावू नका. फुफ्फुस भिंतीला टेकावं म्हणून उणे १० ते २० सेंमी पाण्याइतकं सक्शन ठेवा.

फिजिओताई

स्नायू राखला किंवा कापला, खांदा आखडतो तो न हलवल्याने. पहिल्याच दिवशी, नळ्या असतानाच, हात कानाला लावायचा. दिवसातून पाच वेळा, दर वेळी दहा. स्पायरोमीटर (खोल श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) दर तासाला दहा श्वास, खोकताना उशी चिरेवर दाबून.

काम कोणतं करते यावरून लॅटिसिमसचा हिशेब बदलतो. कापूस वेचायला तो फारसा लागत नाही, हात खाली-पुढे असतो. विहिरीचा दोर ओढणं, कुऱ्हाड, वखर उचलणं याला तो लागतो. सेराटस गेला तर डोक्यावर गुंड किंवा मोळी चढवताच येत नाही, हात वर जाऊन अडकतो. "जड उचलू नका" एवढं सांगून भागत नाही. सहा आठवडे पाण्याच्या भरल्या गुंडापेक्षा हलकं, एवढंही सांगू नका, कारण भरला गुंडच १०-१५ किलोचा असतो. "लहान गडवा चालेल, बादली नाही" असं सांगा. ओटी (कापसाची झोळी) कमरेला बांधून वेचणी साधारण दोन महिन्यांनी, आणि ओटी अर्धीच भरायची.

पऱ्हाटी

आणि इतकं करून फुफ्फुस नाहीच उघडलं, किंवा पेशंट इतका खंगलेला की मोठं ऑपरेशन झेपणारच नाही, तर? आमच्याकडे असे परत येतात, ड्रेसिंग आम्हालाच करावं लागतं.

वैनगंगाकाठ

तेव्हा खिडकी. १९३५ साली एलोसर या सर्जनने टीबीच्या एम्पायमासाठीच सांगितलेल्या फ्लॅपची ही सुधारित पद्धत. पोकळीच्या सर्वांत खालच्या भागावर दोन-तीन बरगड्यांचे ५-८ सेंमीचे तुकडे काढायचे आणि कातडी आत वळवून सालीला शिवायची, म्हणजे तोंड बुजत नाही. पोकळीचा तळ नळीतून डाय (एक्सरेत दिसणारं औषध) घालून किंवा सीटीवर पाहूनच जागा ठरवा. वर केली तर पू तळाशी साचत राहतो. पण अगदी पाठीवर नेऊ नका, बाईला स्वतःचा हात पोचला पाहिजे आणि झोपता आलं पाहिजे. मिडअ‍ॅक्झिलरी ते पोस्टिरियर अ‍ॅक्झिलरीच्या मधली जागा बरी. चीर लॅटिसिमसच्या धाग्यांच्या दिशेने, तो बाजूला सारून. पोकळी स्वच्छ झाल्यावर काही महिन्यांनी तोच स्नायू आत घालून खिडकी बंद करायची असते.

ओटी_सिस्टर

पऱ्हाटी सर, ड्रेसिंगसाठी: सुटे गॉज आत भरू नका. एकच लांब रोलर पट्टी सलाइनमध्ये पिळून भरायची, आणि तिचं टोक बाहेर कातडीला चिकटपट्टीने लावायचं. रोज किती मीटर भरली ते पेशंटच्या वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी तेवढीच बाहेर आली का ते मोजा. फिस्तुला अजून उघडा असेल तर पोकळी पाण्याने धुवायची नाही, पाणी सरळ श्वासनळीत जातं. खोकला आला की लगेच थांबायचं, आणि त्या कुशीवर वळवायचं जिकडे खिडकी आहे.